‘मॅच’ न होणारे पणजोबा

परवा भाचा आमच्या कोलशेतच्या घरी आला होता. भिंतीवरच्या माझ्या पणजोबांच्या तैलचित्राकडे बघत म्हणाला, “मामा, नव्या सोफ्याला हे मॅच होत नाही. मोबाइलवर फोटो काढून ठेवू आणि चित्र देऊन टाकू कुणाला तरी. नाहीतरी इंग्रजांची नक्कलच ना ही?”

सोफ्याचं सोडा. ‘नक्कल’ हा शब्द मात्र मला झोंबला.

मुंबईचं जे. जे. कला विद्यालय 1857 साली सुरू झालं. तिथली मुलं ग्रीक पुतळ्यांच्या प्लॅस्टरच्या प्रतिकृती समोर ठेवून रेखाटन शिकत, हे खरं. पण त्याच जे. जे.चे पेस्तनजी बोमनजी अजिंठ्यालाही गेले. 1872 ते 1885 या काळात जॉन ग्रिफिथ्स यांनी विद्यार्थ्यांकडून तिथल्या भित्तिचित्रांच्या प्रती करून घेतल्या, त्या कामात ते होते. तेव्हा ‘आपलं ठाऊक नव्हतं म्हणून परक्याचं उचललं’ हे काही खरं नाही. अजिंठा हाताने गिरवलेला माणूस पुढे व्यक्तिचित्रात नाव कमावतो! कोल्हापूरचे धुरंधर 1890 साली जे. जे.त दाखल झाले, 1895 साली त्यांना बॉम्बे आर्ट सोसायटीचं सुवर्णपदक मिळालं. त्यांच्या चित्रांतल्या नऊवारीतल्या बायका बघा. तंत्र बाहेरचं, माणसं आपली. बाजाची पेटीही बाहेरूनच आली, तिला नाट्यसंगीतातून कुणी हाकललं का? मिरची परदेशी म्हणून आपण ठेचा सोडला का?

एक गोष्ट मात्र कबूल करतो. तैलचित्रं निघाली ती बहुतेक पैसेवाल्यांची आणि पुरुषांची. आमच्याच घरात पणजोबा आहेत, पणजी नाही. ती कशी दिसायची ते आता कुणालाच सांगता येणार नाही. पण म्हणून जे उरलंय तेही घालवायचं?

आता राहिला फोटो. पणजोबांच्या काळातला फोटो काळा-पांढरा. त्यांची पगडी लाल होती आणि डोळे घारे होते, हे मला केवळ या चित्रामुळे माहीत आहे. तुझे डोळेही घारेच आहेत, बाळा. ते कुठून आले, ते त्या भिंतीवर बघ! चित्रावर सही नाही, चित्रकार कोण ते घरात कुणाला ठाऊक नाही. पण तो पणजोबांसमोर बसला होता, त्याने त्यांना नीट पाहिलं होतं. माझ्या मोबाइलने पाहिलेलं नाही.

अजिंठ्याच्या त्या प्रतींपैकी बऱ्याच लंडनला 1885 सालच्या आगीत जळाल्या. तो अपघात होता. आपण मात्र जाणूनबुजून भंगारात देतो. वाडा पाडला, चौकट विकली, आजोबा गेले!

असो. नातेवाईक मंडळींना एवढीच विनंती की माळ्यावर असं चित्र असेल तर खाली काढा आणि त्यातलं माणूस कोण, ते मागे लिहून ठेवा. सांगणारे आम्ही अजून आहोत तोवरच.

आणि भाचेबुवा, पणजोबा हलणार नाहीत. सोफा बदला.