कंपनीला जग मोकळे, कापसाला दार बंद



लेव्ही म्हटले की जुन्या माणसांना ज्वारीची सक्तीची वसुली आठवते. आज सांगतो ती लेव्ही वेगळी. लेव्ही स्ट्रॉस ही जीनच्या पँटा विकणारी अमेरिकन कंपनी, १८५३ सालची. पँट कापसाची, तेव्हा संबंध आपला आहेच.

पूर्वी हा धंदा कसा चाले? कापूस टेक्ससमध्ये पिके. कापड नॉर्थ कॅरोलिनातल्या ग्रीन्सबरो गावी, व्हाइट ओक नावाच्या गिरणीत विणले जाई. शिलाई कंपनीच्या स्वतःच्या कारखान्यांत होई. शेतापासून दुकानापर्यंत सगळा व्यवहार देशातल्या देशात.

१९९४ साली अमेरिका, मेक्सिको आणि कॅनडा यांचा मुक्त व्यापाराचा करार अमलात आला. गरीब देशांच्या कपड्यांवर श्रीमंत देशांनी बसवलेला कोटा १ जानेवारी २००५ रोजी संपला. पण कंपनी त्या तारखेपर्यंत थांबली नाही. १९९९ सालीच तिने अमेरिका-कॅनडातल्या २२ पैकी ११ कारखान्यांना कुलूप लावण्याचे जाहीर केले. २००४ साल सरेपर्यंत तिचा एकही शिलाई कारखाना अमेरिकेत उरला नव्हता. १९०५ पासून चाललेली व्हाइट ओक गिरणीही २०१७ अखेर बंद पडली. कंपनी मात्र बुडाली नाही. नाव, नमुना आणि ऑर्डर देण्याचा अधिकार तिने हातात ठेवला, शिलाईचे काम परदेशातल्या ठेकेदारांकडे दिले. जागतिकीकरणाने अमेरिकन धंद्यात हा बदल केला. कारखानदार होता तो खरेदीदार झाला. हजारो कामगार घरी बसले, तेही विसरू नये.

मग टेक्ससच्या शेतकऱ्याचे काय झाले? तिकडे लबक भागात कपाशी आणि ज्वारीच पिकते, बरीचशी कोरडवाहू. १९९७च्या सुमारास अमेरिकेतल्या गिरण्या वर्षाला ११० लाख गाठी वापरीत, गाठ २१८ किलोची. आता तो वापर २० लाखांच्याही खाली आला आहे. दारातले गिऱ्हाईक गेले, तरी कपाशी तिथे टिकली. त्याची कारणे तीन.

एक, कापूस बाहेर नेण्याची वाट मोकळी राहिली. आज अमेरिकेच्या पिकाचा मोठा हिस्सा परदेशी जातो. दोन, तिथे जवळजवळ प्रत्येक गाठीचा नमुना सरकारी प्रयोगशाळेत तपासला जातो. धाग्याची लांबी, ताकद, जाडी सगळे आकड्यात. व्हिएतनामचा गिरणीवाला गाठ न पाहता कागदावर खरेदी करतो. तीन, सरकारी तिजोरी. या अनुदानाविरुद्ध ब्राझीलने २००२ साली जागतिक व्यापार संघटनेत दावा लावला आणि जिंकला. शेवटी २०१४ साली अमेरिकेने ३० कोटी डॉलर मोजून तंटा मिटवला. त्या अनुदानाने जगाचा भाव दाबला, आणि त्याची झळ आपल्या कापसालाही लागली.

आता आपल्याकडे पाहा. १९७२ साली सुरू झालेल्या एकाधिकार खरेदीच्या काळात आपला कापूस राज्याबाहेर नेणे हा गुन्हा होता. ती बेडी तुटली, पण दिल्लीची सवय गेली नाही. एप्रिल २०१० मध्ये निर्यात थांबवली. मार्च २०१२ मध्ये पुन्हा बंदी घातली. ऑगस्ट २०२५ मध्ये, बोंडे फुटायच्या तोंडावर, कापसावरील ११ टक्के आयात शुल्क माफ केले. गिरणीला जगातला कापूस हवा तर दार उघडे. शेतकऱ्याला जगाचा भाव मिळू लागला की दार बंद. आमची तक्रार आहे ती या एकतर्फी दाराबद्दल.

काही मित्र म्हणतात, अमेरिकन कंपन्यांना हाकला. मला ते पटत नाही. व्यापारी स्वस्त आणि चांगले मिळेल तिथे खरेदी करणारच. कंपनी आपली वैरी नाही आणि तारणहारही नाही. दाराची कडी सरकारच्या हातात आहे, तेव्हा जाब सरकारलाच विचारला पाहिजे.

म्हणून बैठकीपुढे दोन मागण्या ठेवतो. पेरणी झाल्यावर त्या हंगामाचे आयात-निर्यातीचे नियम बदलायचे नाहीत. आणि जिनिंगमधल्या प्रत्येक गाठीची तपासणी करून तिचा दाखला शेतकऱ्याला मिळालाच पाहिजे.

काही कामे आपलीही आहेत. पांढरा कापूस आणि कवडी एकत्र करू नका. वेचणी प्लास्टिकच्या पोत्यात नको, कापडी झोळीत करा. पोत्याचे तंतू रुईत मिसळले की ते कापडात उतरतात आणि गिरणी भाव पाडते. गावातल्या दहा-वीस जणांनी मिळून कापसाचे जिनिंग करून घ्या, सरकी ठेवा आणि रुई विका. एकेकट्याने गाडी घेऊन बाजारात उभे राहिलो, तर संध्याकाळी व्यापारी सांगेल तो भाव घ्यावा लागतो.

खरेदीदार आता साऱ्या जगात फिरतो. विकणाऱ्यालाही तेवढेच मोकळे रान मिळेपर्यंत आपले आंदोलन थांबायचे नाही.