आडत्याला परवाना लागतो, मग खेळाडूच्या एजंटाला का नको?



जिंतूरच्या मोंढ्यात सोयाबीन घालायचं तर आपण आडत्याकडे जातो. आडत्या म्हणून कुणालाही बसता येत नाही. 1963 च्या पणन कायद्यानुसार त्याला बाजार समितीचा परवाना लागतो. नव्या गृहप्रकल्पातली घरं विकून देणाऱ्या एजंटाला 2017 पासून महारेराकडे नोंदणी करावी लागते. पण "तुमच्या लेकराला मोठ्या संघात घालतो" म्हणत दारात येणाऱ्या माणसाची नोंद राज्यात कुठं होते? कुठंच नाही.

हा प्रश्न आता आपल्या गावापर्यंत आला आहे. 2014 मध्ये प्रो कबड्डी सुरू झाली, 2022 मध्ये अल्टिमेट खो-खो. तुळजापूरच्या राजवर्धन हंगरगेकरला 2022 च्या आयपीएल लिलावात दीड कोटी रुपये मिळाले. आपल्या मातीतल्या खेळांत पैसा आला, ही आनंदाचीच गोष्ट. पण पैसा आला की मध्यस्थ येतोच. चांगला एजंट करार वाचून देतो, खेळाडूचं हित बघतो. अडचण ही, की चांगला कोण नि भामटा कोण, हे ओळखायला पालकांकडे काहीच साधन नाही.

इतरांनी काय केलं ते पाहा. अमेरिकेत 2000 साली एजंटांसाठी एक नमुना कायदा तयार झाला आणि अनेक राज्यांनी तो स्वीकारला. त्यात एजंटाची नोंदणी आहे, आणि विद्यार्थी खेळाडूला 14 दिवसांत करार रद्द करायची मुभाही आहे. फुटबॉलमध्ये फिफाने 2023 पासून एजंटांना परीक्षा नि परवाना पुन्हा सक्तीचा केला. अठरा वर्षांखालच्या खेळाडूशी बोलण्याआधी पालकांची लेखी संमती लागते. आपल्याकडे लोढा समितीने 2016 मध्ये क्रिकेटपुरती एजंट नोंदणी सुचवली होती. पण कबड्डी, कुस्ती, खो-खो खेळणाऱ्या पोरांचं काय?

कुणी म्हणेल, परवाना आला की चिरीमिरी आली. खरं आहे, परवाना म्हणजे प्रामाणिकपणाची हमी नव्हे. परवानाधारक आडत्याही कधी काटा मारतो. पण त्याची तक्रार कुठं करायची, हे शेतकऱ्याला माहीत असतं. खेळाडूच्या बापाला तेवढंही माहीत नसतं.

म्हणून राज्याकडे तीन मागण्या कराव्यात असं मला वाटतं:

1. जिल्हा क्रीडा कार्यालयात एजंटांची नोंदवही असावी आणि ती सर्वांना पाहता यावी.
2. आगाऊ पैसे घेण्यास बंदी असावी. कमिशन फक्त प्रत्यक्ष कमाईतून आणि ठरलेल्या मर्यादेतच घ्यावं.
3. अठरा वर्षांखालच्या मुलासाठी पालकांची लेखी संमती आणि करार मागे घेण्याची मुदत असावी.

कायदा होईल तेव्हा होईल. तोवर पालकांनी एवढं पाळावं: त्याच दिवशी सही करू नका. कागद मराठीत समजावून मागा. निवडीसाठी रोख पैसे देऊ नका. 1872 च्या करार कायद्यानुसार अठरा वर्षांखालच्या मुलाचा करार त्याला बांधत नाही; म्हणूनच असा माणूस तुमची सही मागतो, हे ध्यानात ठेवा.

आणि शिक्षकांनो, असा माणूस बहुतेक वेळा आधी आपल्याकडेच येतो. "सर, चांगली पोरं सांगा, नंबर द्या," म्हणतो. मुलांची नावं आणि पालकांचे फोन नंबर देऊ नका. त्याचंच नाव-गाव लिहून घ्या, आणि मग पालकांना शाळेत बोलावून त्यांच्यासमोरच बोलणं होऊ द्या. सोयाबीनचं एक पोतं आपण पावतीशिवाय सोडत नाही. लेकराचं भविष्य तर त्याहून कितीतरी मोलाचं आहे.