मशीनचं गाणं म्हणे!

"त्यात गातं कोण? सगळं मशीनच तर वाजवतं!" घरातल्या एखाद्या लेकरानं मुंबईला विदेशी गायिकेच्या कार्यक्रमाचं तिकीट काढलं की हे वाक्य ठरलेलं. म्हणणारे बहुतेक माझ्याच वयाचे, सत्तरी ओलांडलेले. आज त्यांच्याशीच भांडायचं आहे, तेव्हा नातेवाइकांनी राग मानू नये. (मानला तर खाली प्रतिक्रिया लिहावी!)

आधी मशीनचं बघू. लग्नाच्या वरातीत तोंडात रुमाल धरून आपण ज्या धूनवर नागीण होतो, ती १९५४ च्या 'नागिन' चित्रपटातली. संगीत हेमंतकुमारांचं. पण ती पुंगी नव्हेच! कल्याणजींनी क्लॅव्हिओलिन नावाच्या विजेवर चालणाऱ्या वाद्यावर ती वाजवली होती. आजच्या सिंथेसायझरची ती आजीच म्हणा. म्हणजे सत्तर वर्षं आपण मशीनवरच डोलतोय आणि ते आपल्या मातीतलं आहे असं समजतोय. आपली बाजाची पेटी तरी कुठली? मूळ युरोपातली. भारतीय संगीताला ती शोभत नाही म्हणून १९४० साली आकाशवाणीनं तिच्यावर बंदी घातली आणि ती तीसेक वर्षं टिकली. आज पेटीशिवाय भजन करून दाखवा बरं! शास्त्रीय गायकाच्या मागंसुद्धा आता पुष्कळदा विजेचा तंबोरा चालू असतो, आणि आपण डोळे मिटून "वाहवा" म्हणतो.

आता अशा कार्यक्रमात नेमकं काय असतं ते. मुंबईत ३० नोव्हेंबर २०२४ ला वांद्रे-कुर्ला संकुलाच्या मैदानावर दुआ लिपा या गायिकेचा कार्यक्रम झाला. तिच्या गाण्यांत सिंथेसायझरचा वापर भरपूर. असल्या कार्यक्रमात वादक असतात, नर्तक असतात, आणि शिवाय एक संगणकही असतो. आधी ध्वनिमुद्रित केलेले काही थर त्या संगणकातून सुटतात. वादकांच्या कानात बोंडं असतात, त्यांत टक-टक अशी लय चालू असते. तिच्यावर ते वाजवतात. दिवे आणि मागच्या पडद्यावरची चित्रंही बहुधा त्याच घड्याळाला बांधलेली. म्हणून गाण्यांचा क्रम आधीच ठरलेला असतो. संगीत नाटकातल्यासारखा 'वन्स मोअर' तिथं मिळत नाही. उलट गंमत अशी की कलाकार निरोप घेऊन आत जातात, लोक ओरडतात, आणि मग ते बाहेर येऊन सगळ्यात गाजलेलं गाणं म्हणतात. तेसुद्धा आधीच ठरलेलं! आपण मात्र आपल्या ओरडण्यामुळंच आले असं समजायचं. चालायचंच.

मैफिलीची अपेक्षा धरून गेलात तर निराश व्हाल, हे कबूल. राग कुठं वळण घेईल याची उत्सुकता तिथं नाही. तिथली जादू वेगळी. हजारो माणसं एकाच ठेक्यावर एकाच क्षणी उडी मारतात. आषाढीला रिंगणात ज्यानं पावलं टाकली आहेत त्याला हे समजावून सांगावं लागू नये.

मग तक्रार करायची तर कशाची? गायिका खरंच गाते का, हे विचारा. कोरसचे आणि जोडआवाजाचे थर मागं लावलेले चालतील. मुख्य ओळ तिनं स्वतः म्हटली पाहिजे. नुसते ओठ हलवले तर ती फसवणूक. श्रेयाचंही विचारा. त्या मुंबईच्या कार्यक्रमात तिच्या एका गाण्याशी 'बादशाह' (१९९९) मधल्या गाण्याचा मेळ घातला गेला. तो मेळ आधीच नेटवर गाजलेला होता. लोकांनी शाहरुखचं नाव घेतलं. मूळ गायक अभिजीत यांनी, आपलं नाव कुणी घेत नाही, अशी तक्रार केली. मला ती रास्त वाटली.

आणि तिसरी तक्रार आवाजाची. इथं माझं खरं भांडण आहे. या संगीतातला खालचा ठोका कानानं कमी, छातीनं जास्त ऐकायचा असतो. मोठमोठे खोके त्यासाठीच उभे केलेले असतात. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ साली अशा ठिकाणांसाठी सरासरी १०० डेसिबलची वरची मर्यादा सुचवली, कानात घालायचे बोळे ठेवा, निवांत बसायला जागा ठेवा असंही सांगितलं. पण तिकीट काढून गेलेलं लेकरू निदान स्वतःहून गेलेलं असतं. आणि रात्री दहाला तिथले भोंगे बंद होतात.

आपल्या गल्लीचं काय? तिथं तिकीट कुणी काढलं होतं? पोरीच्या कार्यक्रमाला "संस्कृती बुडाली" म्हणणारे आमचे हेच पाहुणे मिरवणुकीच्या डीजेला वर्गणी देतात! सन २००० च्या नियमांत वस्तीसाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे. वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस सरकार दहाचे बारा करू शकतं. डेसिबलची मर्यादा त्या दिवशीही उठत नाही.

मी किल्लारीचा, म्हणून हे जास्त लागतं. १९९२ च्या ऑगस्टपासून इथं जमिनीतून गडगडाट यायचा, हादरे बसायचे. पुढं ३० सप्टेंबर १९९३ ला, विसर्जनाची रात्र सरता सरता, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी सगळं बसलं. हजारो माणसं गेली. त्या पहाटेतून वाचलेल्या माणसाच्या घराचे पत्रे ऐन विसर्जनाच्या रात्री खालच्या ठोक्यानं थरथरतात तेव्हा त्याला काय होतं, हे वर्गणी मागायला आलेल्या पोरांना मी सांगितलं आहे. पोरं ऐकतात हो, मान खाली घालून ऐकतात. ऐकत नाहीत ते माझ्या वयाचे. "वर्षातून एकदाच तर आहे" म्हणतात. त्यांच्यातल्या निम्म्यांनी त्या पहाटे स्वतःच्या हातांनी माती उपसली आहे.

तेव्हा त्या पोरीला जाऊ द्या. तिनं पायात बूट घालावेत, उभं राहायचं असतं. कानांसाठी बोळे न्यावेत, आणि खोक्यांपासून लांब उभं राहावं. आणि यंदा मंडळाची पावती फाडताना आमच्या पाहुण्यांनी एवढंच विचारावं: खोके किती आणि बंद किती वाजता?