शेतकऱ्यानंच भाकरी मागितली नाही, तर ज्वारी पेरायची कुणासाठी?



आज खतापाण्यावर नाही, जेवणावर लिहितोय. पण शेवटी विषय पेरणीवरच येणार आहे, म्हणून पूर्ण वाचा.

हंगामात आपलं फिरणं लई असतं. कांदा घेऊन सोलापूरला, बेदाणा घेऊन तासगावला, डिसेंबरात मोशीचं प्रदर्शन, मधे कुणाची तरी बाग बघायला नाशिककडं. रस्त्यात जेवायला गाडी थांबते. गाडीतले पाचही जण शेतकरी, दोघांच्या रानात ज्वारी उभी. आणि ऑर्डर काय जाते? पनीर मसाला, दाल तडका, तंदुरी रोटी. तो पनीर मसाला सोलापूरला, जळगावला, नांदेडला सगळीकडं एकाच चवीचा. लाल तर्री, वर थोडी साय. डोळे झाकून खाल्लं तर कुठल्या जिल्ह्यात बसलोय ते सांगता येणार नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. ज्या भागात जाल तिथं पिकतं ते मागा. आणि ज्वारीच्या पट्ट्यात असाल तर भाकरीच मागा. ही चवीची हौस नाही, हा आपल्या मालाच्या गिऱ्हाइकाचा प्रश्न आहे.

आमच्या घरी आई रोज पहाटे वीस-बावीस भाकरी थापायची. काठवटीत पीठ, त्यात कढत पाणी, तळहातानं रगडून रगडून मळायचं. भाकरी तव्यावरून उतरली की चुलीच्या तोंडाशी निखाऱ्याला उभी करायची, टम्म फुगायची. पापुद्रा काढून आत शेंगदाण्याची चटणी आणि तेलाची धार. थंडीत हुलग्याचं माडगं नाहीतर शेंगोळी, सुगीत हुरडा, पावसाळ्यात अंबाडीची भाजी आणि ज्वारीच्या कण्या. परगावी जायचं म्हटलं की धपाटे बांधून द्यायची, ते दोन दिवस टिकायचे. तेव्हा एसटीत शेजारच्यानं फडकं सोडलं की वासावरून कळायचं, माणूस कुठला आहे.

ही चव जिभेवर बसलीय, म्हणून बाहेर भाकरीचा पहिला तुकडा मोडला की कळतं, पीठ ताजं आहे का आठ दिवसांचं. ज्वारीच्या पिठात गव्हासारखा चिकटपणा नसतो. दळून दिवस झाले की पिठाची विरी जाते, भाकरी थापताना कडा फाटतात. ढाबेवाल्याची अडचण इथंच आहे. गव्हाचा गोळा मळून ठेवला तर दुपारभर चालतो. ज्वारीचं पीठ मात्र ताजं दळलेलं लागतं, एकेका भाकरीपुरतं मळावं लागतं, आणि थापणारा हात सरावाचा लागतो. म्हणून तो पाटीवर ‘भाकरी’ लिहितो आणि आत गेलं की म्हणतो, "संपली साहेब, रोटी देऊ का?" दिवसात चार जणच मागत असतील तर तो तरी बाई कशाला ठेवील?

आता हिशोब मांडा. एक किलो पिठात आठ-दहा भाकरी होतात. म्हणजे क्विंटलला आठशे ते हजार. वीस रुपयाला एक धरली तरी सोळा ते वीस हजार रुपये झाले. २०२५-२६ साठी मालदांडीचा हमीभाव क्विंटलला ३७४९ रुपये होता. सरपण, मजुरी, जागेचं भाडं सगळं वजा करा, तरी मधलं अंतर मोठं आहे. ते अंतर पोत्यात नाही, परातीत आहे. आणखी एक बघा. त्याच वर्षी संकरित ज्वारीचा हमीभाव ३६९९ होता. म्हणजे मालदांडीच्या चवीची किंमत सरकारी कागदावर क्विंटलला पन्नास रुपये. चवीचे जास्त पैसे सरकार देणार नाही, खाणाराच देणार. आणि खाणाऱ्याला ती चव ताटात भेटलीच नाही तर तो कशाचे देईल?

मालदांडी काही ऐरीगैरी ज्वारी नाही. आपल्याच सोलापूर जिल्ह्यात मोहोळच्या केंद्रावर स्वातंत्र्याच्या आधी निवडलेला हा वाण. खोल काळ्या रानात नुसत्या ओलीवर येतो, वर जनावराला कडबा देतो. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. २०२३ हे भरडधान्याचं आंतरराष्ट्रीय वर्ष झालं, सभा झाल्या, बॅनर लागले. त्याच काळातल्या एका प्रशिक्षणाला गेलो होतो. सकाळभर ज्वारी-बाजरीचे गुण ऐकले आणि दुपारी ताटात पुरी, पनीर आणि जिरा राईस. कृषी खात्यातल्या आणि विद्यापीठातल्या मित्रांनो, राग मानू नका, पण शंभर माणसांच्या जेवणाची ऑर्डर तुमच्या हातात असते. गावच्या बचत गटाला दोन दिवस आधी सांगितलं तर अडीचशे भाकरी होतात. ते जेवण तुमच्या स्लाइडपेक्षा जास्त लक्षात राहील.

भाकरी म्हणजे गरिबाचं खाणं, स्वस्तच पाहिजे, ही समजूतही काढून टाकायला पाहिजे. १९९५ मध्ये सरकारनं एक रुपयात झुणका-भाकर काढली. हेतू चांगला होता, पण योजना काही वर्षांत बंद पडली. याउलट पुण्यात बाबा आढावांच्या हमाल पंचायतीनं १९७४ साली ‘कष्टाची भाकर’ सुरू केलं. ना नफा ना तोटा, हमालाला परवडेल असं ताजं जेवण. ते अनेक दशकं चाललं. मला यातून एवढंच दिसतं, की भाकरी टिकते ती रोज येऊन, योग्य दाम देऊन खाणाऱ्या माणसामुळं. म्हणून भाकरी रोटीपेक्षा पाच रुपये महाग असली तर कुरकुर करू नका. उसाच्या दरासाठी भांडणाऱ्यानं भाकरीच्या दरात घासाघीस करणं बरं दिसत नाही.

आता परगावी चांगलं जेवण शोधायचं कसं, ते माझ्या फिरण्यातून सांगतो.

१) हायवेवरची लाईटिंग बघू नका. मार्केट यार्डात हमाल कुठं जेवतात ते विचारा. पाठीवर पन्नास किलो उचलणारा माणूस शिळं आणि पाणचट खात नाही.

२) जेवायची वेळ बारा ते एक. तेव्हा तवा तापलेला असतो, भाकरी समोर थापली जाते. तीन वाजता गेलात तर उरलेलं मिळेल.

३) पाटी जितकी लांब, तितकं जेवण बेताचं. "आज दोनच भाज्या आहेत" असं सांगणारी खानावळ धरा.

४) बसायच्या आधी एकच विचारा, "भाकरी कशाची आणि पीठ कधीचं?" ज्याला उत्तर देता आलं तिथं बसा.

५) भाग बघून मागा. खानदेशात गेलात तर कळण्याची भाकरी आणि वांग्याचं भरीत. ज्वारीत अख्खे उडीद घालून दळलेली ती भाकरी एकदा खाऊन बघाच. नगर-बीडकडं बाजरी, कोकणात तांदळाची भाकरी. सीमेपलीकडं विजापूरकडं गेलात तर लिंगायत खानावळीत पातळ कडक भाकरी आणि भरली वांगी मिळतील. तिथं भाकरी हेच मुख्य जेवण आहे, संपली म्हणून कुणी सांगत नाही.

काही जण म्हणतील, दोन भाकऱ्या मागून ज्वारीचा भाव वाढतो होय? एकट्यानं नाही वाढत. ज्वारी कमी व्हायला दुसरीही कारणं आहेत. उपटून काढायला मजूर मिळत नाही, पाणी आलं तिथं ऊस आला, रेशनवर गहू-तांदूळ आला. ती कारणं एका जेवणानं जाणार नाहीत, हे खरं. पण हॉटेलवाला गिऱ्हाईक बघून तवा तापवतो. चाराच्या जागी चाळीस जणांनी मागितली तर तो गावातल्या दोन बायांना काम देईल, जवळच्या गिरणीतून रोजचं ताजं पीठ घेईल, आणि ती गिरणी तुमच्या-माझ्याकडून ज्वारी घेईल. ही साखळी एवढी छोटी आहे, आपल्या तालुक्यात बसते.

भाकरी थापणारे हातही कमी होत चाललेत. ज्या बायांच्या हाताला ती कला आहे त्या आता साठीच्या पुढं आहेत. त्यांच्या हाताला दाम मिळताना दिसला तरच पुढच्या पोरी-पोरं शिकतील. नुसतं "आजीच्या हातची चव गेली" म्हणत बसून काही होत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी बाजाराला निघालात, की गाडीत आधीच ठरवा, आज रोटी नाही. आणि तुमच्या भागात ताजी भाकरी देणारी खानावळ माहीत असेल तर खाली लिहा. गाव, रस्ता, आणि भाकरी कशाची मिळते, एवढं पुरे. यादी झाली की सगळ्यांच्या कामाला येईल.

राम राम.