एडिट ब्लँक, एडिट ब्लँक...

गेल्या शनिवारी सकाळी काकांचा फोन. "अरे, एक ऑनलाइन अर्ज भरायचाय. तीनदा आपटलो. मोकळा असलास तर ये, चहा मिळेल."

काका म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. बँकेत टेलिफोन ऑपरेटर होते. रेटिनायटिस पिगमेंटोझा नावाच्या आजाराने त्यांची नजर हळूहळू गेली. आता फक्त उजेड आणि अंधार कळतो. पण लॅपटॉपवर बसले की बघत राहावं असा माणूस. एनव्हीडीए नावाचा स्क्रीन रीडर वापरतात (फुकट आहे, ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध प्रोग्रामर मित्रांनी उभा केलेला) आणि त्याचा आवाज इतक्या फास्ट ठेवतात की मला त्यातलं अक्षर कळत नाही. ईमेल, बातम्या, क्रिकेटचा स्कोअर, सगळं स्वतःचं स्वतः.

तर झालं असं, की मी त्यांच्या शेजारी बसलो, साइट उघडली आणि पोटात गोळाच आला. एका सरकारी कार्यालयाची ती साइट काही वर्षांपूर्वी आमच्या टीमनेच केली होती. आणि फॉर्म्सचं मॉड्यूल? माझं.

कार्यालयाचं नाव सांगत नाही. तुमच्या डोळ्यासमोर आत्ता जी कुठली साइट आली असेल ना, तीच समजा.

मी काही बोललो नाही. गप्प बसून ऐकत राहिलो. काकांनी माझ्यासाठी आवाजाचा स्पीड कमी केला. आधी मेनू. "लिंक ग्राफिक, लिंक ग्राफिक, क्लिक हिअर, क्लिक हिअर." मग फॉर्म आला. काका टॅब दाबतायत आणि लॅपटॉप बोलतोय, "एडिट ब्लँक. एडिट ब्लँक. एडिट ब्लँक." म्हणजे इथे काहीतरी टाइप करायचंय, एवढंच. नाव, आडनाव की पिनकोड, ते नाही. मी तेव्हा लेबलं शेजारी नुसती लिहून ठेवली होती, रकान्याला जोडली नव्हती. डोळ्यांना दिसत होतं ना, मग झालं!

काकांनी अंदाजाने पाच-सहा रकाने भरले. जन्मतारखेला गाडी अडली. तिथे टाइप करता येत नव्हतं, चिमुकलं कॅलेंडर होतं, तेही फक्त माउसने उघडणारं. (हे मी कुठूनतरी डाउनलोड करून डकवलेलं. त्या वेळी फार कौतुक झालं होतं.) तारीख मी भरली. शेवटी कॅपचा. वेडीवाकडी अक्षरं, ऐकण्याची सोय नाही. तेही मी भरलं. तेवढ्यात सेशन संपलं. पुन्हा पहिल्या पानावर.

काका हसले. म्हणाले, "तू नसतास तर खालच्या झेरॉक्सवाल्या पोराला बोलावलं असतं. चांगला आहे रे पोरगा. पण माझा आधार नंबर, बँकेचा अकाउंट नंबर, सगळं त्याला माहीत. ओटीपी आला की फोनच त्याच्या हातात देतो. माझ्या सहीवर आता माझ्यापेक्षा त्याचाच हक्क जास्त."

हे वाक्य आठवडाभर डोक्यात घुमतंय, म्हणून हे लिहायला बसलो.

आता तुम्ही म्हणाल, सरकारी साइटला ॲक्सेसिबिलिटीचे नियम नव्हते का? होते की! एनआयसीची मार्गदर्शक तत्त्वं २००९ पासून आहेत. आम्ही चेकलिस्ट भरली होती. वरच्या कोपऱ्यात 'अ+ अ अ-' ही बटणं, काळ्या पार्श्वभूमीचं बटण, आणि 'स्क्रीन रीडर ॲक्सेस' नावाचं एक पान. त्या पानावर कुठला स्क्रीन रीडर कुठून डाउनलोड करायचा याचा तक्ता. काकांना हे पान वाचून दाखवलं तर ते म्हणाले, "म्हणजे स्क्रीन रीडर कुठे मिळतो हे वाचायला आधी स्क्रीन रीडर पाहिजे!"

हसायला आलं खरं, पण सगळा रोग याच पानात आहे. अक्षरं मोठी करायची सोय ब्राउझरमध्ये आधीपासून असते, त्यासाठी आमच्या बटणांची गरजच नव्हती. लागत होतं ते वेगळंच आणि अगदी साधं. प्रत्येक रकान्याला जोडलेलं लेबल. चित्राला ऑल्ट मजकूर. शीर्षकाला नुसता ठळक फॉन्ट नाही तर खरा हेडिंग टॅग, कारण स्क्रीन रीडरवाला माणूस हेडिंगवरून हेडिंगवर उड्या मारत पान चाळतो. माउसशिवाय सगळं चालणं. वेळ संपत आली तर आधी सांगणं आणि वाढवून देणं. आणि पान मराठी आहे हे कोडमध्ये एका शब्दात जाहीर करणं, नाहीतर मराठी मजकूर इंग्रजी आवाजाच्या तावडीत सापडतो. हे सगळं डब्ल्यूसीएजी २.० मध्ये २००८ सालीच लिहिलेलं आहे. मी ते वाचलं नव्हतं, एवढंच.

मराठीत तर आणखी एक भानगड. युनिकोडच्या आधीच्या फॉन्टांत टाइप केलेल्या पीडीएफ अजून ढिगाने पडल्यात. डोळ्यांना सुरेख मराठी, आत भलतीच रोमन अक्षरं आणि चिन्हं. स्क्रीन रीडर ती चिन्हंच वाचणार. आणि कागद स्कॅन करून चढवला असेल तर वाचायला अक्षरच नाही, नुसता फोटो. ज्या योजनेचा लाभ अंध व्यक्तीला द्यायचा, तिचाच आदेश अंध व्यक्तीला वाचता येत नाही. याला काय म्हणायचं?

मीटिंगमध्ये हा विषय काढला की ठरलेलं उत्तर येतं. "आता बदलायचं म्हणजे खर्च किती! आणि वापरणारे किती?"

खर्चाचं आधी बघू. सिडनी ऑलिंपिकच्या वेळची गोष्ट आहे. ब्रूस मॅग्वायर या अंध नागरिकाने १९९९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या मानवी हक्क आयोगाकडे तक्रार केली, की ऑलिंपिकची वेबसाइट मला वापरता येत नाही. चित्रांना ऑल्ट मजकूर नाही, निकालांचे तक्ते वाचता येत नाहीत. आयोजन समितीने सांगितलं, दुरुस्तीला एका माणसाचे ३६८ दिवस लागतील आणि खर्च २२ लाख ऑस्ट्रेलियन डॉलर. मॅग्वायरच्या बाजूच्या तज्ज्ञांनी सांगितलं, छोट्या टीमचं चार आठवड्यांचं काम आहे. ऑगस्ट २००० मध्ये आयोगाने मॅग्वायरच्या बाजूने निकाल दिला. समितीने तो पुरता पाळला नाही, म्हणून पुढे २०,००० डॉलरची भरपाई द्यावी लागली. आपल्या धंद्यातल्या कुणालाही हे ३६८ दिवस ओळखीचे वाटतील. जे काम करायचं नसतं त्याचं एस्टिमेट असंच फुगतं :)

माझ्या त्या फॉर्मचं म्हणाल तर लेबलं, तारखेचा साधा रकाना, वेळ वाढवायची सोय आणि कॅपचाला पर्याय हे सगळं मिळून माझ्या हिशेबाने चार दिवसांचं काम. साइट बनतानाच केलं असतं तर एक दिवस. मी तो एक दिवस वाचवला. त्याची किंमत काका भरतायत.

आता 'वापरणारे किती'. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्ती नोंदल्या गेल्या. पण खरं सांगू? मला हा आकड्यांचा वादच चुकीचा वाटतो. एखाद्या शॉपिंग साइटवर खरेदी जमली नाही, तर काका दुसऱ्या साइटवर जातील. सरकारी कार्यालयाला 'दुसरी साइट' नसते. दाखला तिथेच मिळणार, कर तिथेच भरायचा. ज्या दुकानाला शेजारी दुसरं दुकानच नाही, त्याला गिऱ्हाईक मोजायचा हक्क नाही. त्याला दार सगळ्यांसाठीच ठेवावं लागतं.

कायदाही हेच म्हणतो. २०१६ च्या अपंग हक्क कायद्याने सेवा सुगम्य करणं बंधनकारक केलं. २०१७ मध्ये नियम आले आणि त्यानंतर दोन वर्षांची मुदत होती. ती २०१९ मध्ये संपली. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की कायदा बंधनकारक असताना नियम नुसते सल्ला दिल्यासारखे असून चालणार नाहीत. पुढे ३० एप्रिल २०२५ ला डिजिटल केवायसीचा निकाल आला. ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या एका महिलेला कॅमेऱ्यासमोर पापण्या मिचकावता येत नव्हत्या, म्हणून केवायसी अडली होती. एका अंध वकिलाचीही याचिका सोबत होती. न्यायालयाने डिजिटल सेवा मिळणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला.

म्हणजे तत्त्वं आहेत, कायदा आहे, निकाल आहेत. मग अडतं कुठे?

माझं उत्तर: सहीच्या टेबलावर.

आमच्या त्या प्रोजेक्टची शेवटची चाचणी मला चांगली आठवते. एसी रूम, प्रोजेक्टर, बिस्किटं. पाच-सहा साहेब मंडळी. लोगो थोडा मोठा करा, फोटो वर घ्या, निळा रंग जरा गडद करा. दोन तासांत सह्या झाल्या, बिल निघालं. त्या खोलीतल्या प्रत्येकाला दिसत होतं आणि प्रत्येकाच्या हातात माउस होता. ॲक्सेसिबिलिटीच्या रकान्यात 'होय' लिहायला कुणालाच काही अडचण आली नाही. मलाही नाही.

म्हणून माझं एकच म्हणणं आहे. त्या टेबलावर एक खुर्ची वाढवा. स्क्रीन रीडर वापरणारी एक व्यक्ती आणि माउस न वापरता काम करणारी एक व्यक्ती, यांनी खरा अर्ज पहिल्यापासून शेवटपर्यंत एकट्याने भरायचा. पावती हातात आली तर सही. नाही आली तर शेवटचा हप्ता थांबला. ही अट टेंडरमध्ये लिहा आणि त्यांच्या वेळेचे पैसे द्या. बाकी चेकलिस्टा, आपोआप तपासणारी टूल्स वगैरे असू देत, उपयोगी आहेत. पण टूलला लेबल आहे की नाही एवढं कळतं. त्या लेबलवरून माणसाला काही बोध झाला का, हे माणसालाच कळतं. आणि 'एक ओळ स्क्रिप्ट टाका, साइट ॲक्सेसिबल' असं कुणी विकायला आलं तर सावध राहा. अशाच दाव्यांपायी अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२५ मध्ये ॲक्सेसिबी कंपनीला १० लाख डॉलर भरायला लावले.

"अशी माणसं आणायची कुठून?" हा पुढचा प्रश्न. मुंबईत झेवियर्स कॉलेजचं दृष्टिहीनांसाठीचं केंद्र २००३ पासून काम करतंय. तिथे विचारा. नाहीतर काकांना विचारा. मी विचारलं. म्हणाले, "येईन की. पण फुकट नाही हं. आणि बिस्किटं पाहिजेत."

त्या साइटचं कंत्राट आता दुसऱ्या कंपनीकडे आहे. मी कार्यालयाला सविस्तर ईमेल पाठवली, चार दिवसांच्या कामाची यादी जोडून. 'आपली सूचना संबंधित विभागाकडे पाठवण्यात आली आहे' असं उत्तर आलंय. बघू. दर पंधरा दिवसांनी आठवण करणार आहे.

असो. आपल्यातले निम्मे लोक कुठल्या ना कुठल्या फॉर्मवर काम करतच असतात. सोमवारी ऑफिसात गेलात की माउस काढून ड्रॉवरमध्ये टाका आणि आपणच बनवलेला फॉर्म भरून बघा. मग एनव्हीडीए चालू करा, स्क्रीन बंद करा आणि पुन्हा भरा. मी हे या आठवड्यात आमच्या चालू प्रोजेक्टवर केलं.

दुसऱ्याच रकान्यावर ऐकू आलं, "एडिट ब्लँक."