पराभव मोजले, उपासमार कोणी मोजली?

५ डिसेंबर १९४७. न्यूयॉर्कचे मॅडिसन स्क्वेअर गार्डन. हेवीवेट मुष्टियुद्धाचा जगज्जेता जो लुई आपला किताब राखण्यासाठी चोविसाव्यांदा रिंगणात उतरला. समोर आव्हानवीर होता जर्सी जो वॉलकॉट. सट्टेबाजारात वॉलकॉटचा भाव दहास एक होता. म्हणजे त्याच्यावर एक डॉलर लावणाऱ्याला, तो जिंकलाच तर, दहा डॉलर मिळणार होते. आयोजकांना तर ही किताबाची लढत म्हणूनही नको होती. दहा फेऱ्यांचा प्रदर्शनी सामना करावा, असा मूळ बेत होता. न्यूयॉर्कच्या क्रीडा आयोगाने तो मानला नाही, म्हणून पंधरा फेऱ्यांची रीतसर लढत झाली.

पहिल्याच फेरीत लुई खाली पडला. चौथ्या फेरीत पुन्हा पडला. दहा वर्षे ज्याला कोणी हरवू शकले नव्हते, त्याला हा दुर्लक्षित माणूस पंधरा फेऱ्या चकवत राहिला. आपण जिंकलोच, या समजुतीने वॉलकॉट शेवटच्या फेऱ्या सांभाळून खेळला. लढत संपताच स्वतः लुई निकालाची वाट न पाहता रिंगणातून निघू लागला, त्याला थांबवावे लागले. निकाल मात्र २ विरुद्ध १ असा लुईच्या बाजूने लागला. रिंगणाबाहेर बसलेल्या दोन्ही परीक्षकांनी लुईला विजयी ठरविले. प्रत्यक्ष रिंगणात, दोघांच्या हाताच्या अंतरावर उभे असलेले पंच रुबी गोल्डस्टीन यांनी वॉलकॉटला ७, लुईला ६ आणि दोन फेऱ्या बरोबरीच्या असा कौल दिला. प्रेक्षकांनी निकालाची हुर्यो उडविली. पण किताब लुईकडेच राहिला.

प्रश्न असा आहे की, ‘दहास एक’ हा भाव कशाच्या आधारावर ठरला? उत्तर सोपे आहे. वॉलकॉटच्या नावावर तोपर्यंत दहाहून अधिक पराभव नोंदले होते. कागदावर तो सामान्य होता.

आता हा कागद कसा तयार झाला ते पाहू. वॉलकॉटचे खरे नाव अर्नोल्ड क्रीम. बार्बाडोसहून न्यू जर्सीत आलेल्या एका मजुराचा हा मुलगा. लहानपणीच वडील गेले आणि शाळेच्या वयात तो सूपच्या कारखान्यात कामाला लागला. १९३० साली तो पहिली व्यावसायिक लढत लढला, तेव्हा अमेरिकेत महामंदी सुरू झाली होती. पुढे संसार झाला, सहा मुले झाली. मिळेल ते काम करायचे आणि कोणी लढतीला बोलावले की अर्धपोटी, पुरेशा सरावाशिवाय उभे राहायचे. कित्येकदा घर सरकारी मदतीवर चालले. १९४० ते १९४४ या काळात तर तो जवळपास रिंगणाबाहेरच होता. महायुद्धाच्या दिवसांत कॅम्डेनच्या जहाज कारखान्यात राबत होता. हे सगळे पराभवांच्या यादीत कोठे लिहिले आहे? यादीत फक्त तारीख, प्रतिस्पर्ध्याचे नाव आणि ‘पराभूत’ एवढेच लिहिलेले असते. त्या दिवशी तो जेवला होता की नाही, असा रकाना यादीत नसतो.

१९४० च्या दशकाच्या मध्यास फेलिक्स बोकिचिओ नावाचा व्यवस्थापक त्याला भेटला. हा गृहस्थ जुगाराच्या धंद्यातला, पोलिसांच्या दप्तरी नाव असलेला. पुन्हा लढायला उभा राहण्याआधी वॉलकॉटने त्याच्याकडे घरातल्या शेगडीसाठी कोळसा आणि मुलांसाठी अन्न मागितले, असे सांगितले जाते. ती सोय झाली आणि तोच ‘सामान्य’ माणूस अवघ्या काही वर्षांत जगज्जेत्याला दोनदा जमिनीवर पाडू शकला. त्याचे हात तेच होते. घरची चूल तेवढी पेटली होती.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. जो लुई हा कोणी शोषकांचा प्रतिनिधी नव्हता. अलाबामातील बटाईदार शेतमजुराच्या घरात जन्मलेला, गुलामांचा वंशज असलेला तोही कृष्णवर्णीयच. १९१५ साली जॅक जॉन्सन हरल्यानंतर गोऱ्यांनी २२ वर्षे एकाही कृष्णवर्णीयाला हेवीवेट किताबासाठी लढू दिले नाही. हॅरी विल्ससारखा पात्र योद्धा वाट पाहून म्हातारा झाला. १९३७ साली लुईने ती भिंत पाडली. त्याचे मोठेपण निर्विवाद आहे.

लुई आणि वॉलकॉट दोघांचेही जन्मवर्ष १९१४. दोघे एकाच पीडित समाजाचे. फरक एवढाच, की लुईला कोवळ्या वयातच जॉन रॉक्सबरो हा डेट्रॉइटमधील कृष्णवर्णीय व्यावसायिक भेटला. त्याने जेवणाची, कपड्यांची, सरावाच्या साहित्याची सोय केली. ज्युलियन ब्लॅक हा दुसरा पाठीराखा मिळाला आणि जॅक ब्लॅकबर्नसारखा कृष्णवर्णीय प्रशिक्षक लाभला. समाजातल्याच माणसांनी लुईला उभे केले. वॉलकॉटला तसे कोणी नव्हते. म्हणून एक २३ व्या वर्षी जगज्जेता झाला आणि दुसरा तिशीपर्यंत उमेदवारच राहिला.

‘गुणवत्ता, गुणवत्ता’ असा घोष करणाऱ्यांनी ही दोन आयुष्ये शेजारी ठेवून पाहावीत. आमच्या मुलांची गुणपत्रिका दाखवून जे नाके मुरडतात, ते सट्टेबाजाचाच हिशेब मांडत असतात. वकिलीच्या व्यवसायात असल्यामुळे येथे एका निकालपत्राची आठवण होते. टी. देवदासन विरुद्ध भारत सरकार या १९६३ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाचपैकी चार न्यायमूर्तींनी राखीव जागांचा अनुशेष पुढे नेण्याचा नियम रद्द केला. एकटे न्यायमूर्ती सुब्बा राव विरोधात गेले. त्यांनी दाखला दिला तो शर्यतीचाच. जातिवंत शर्यतीचा घोडा आणि साधा घोडा एकाच रेषेवरून सोडले तर ती कागदावरची समानता होते, खरी समान संधी होत नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. त्या दिवशी तो अल्पमतात गेला. पण १९७५ साली केरळ राज्य विरुद्ध एन. एम. थॉमस या खटल्यात त्याच विचाराला बहुमत मिळाले आणि १९९२ च्या मंडल निकालाने त्यावर शिक्कामोर्तब केले. अल्पमत म्हणजे चूक नव्हे. कधी कधी जवळून पाहणारा एकटाच असतो.

वॉलकॉटचे पुढे काय झाले? जून १९४८ मध्ये लुईने त्याला अकराव्या फेरीत बाद केले. १९४९ आणि मार्च १९५१ मध्ये एझर्ड चार्ल्सने त्याला गुणांवर हरविले. चार संधी, चार पराभव. आता पुरे, असे जाणकार म्हणू लागले. १८ जुलै १९५१ रोजी पिट्सबर्गमध्ये पाचवी संधी मिळाली. सातव्या फेरीत डाव्या हाताचा एकच ठोसा बसला आणि चार्ल्स कोसळला. वयाच्या ३७ व्या वर्षी वॉलकॉट जगज्जेता झाला. इतक्या मोठ्या वयात हेवीवेटचा किताब जिंकण्याचा त्याचा विक्रम १९९४ पर्यंत अबाधित होता. पुढे १९७१ साली तो कॅम्डेन जिल्ह्याचा पहिला कृष्णवर्णीय शेरीफ म्हणून निवडून आला.

आपल्याकडे नागरी सेवा परीक्षेत अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना वयाच्या ३७ व्या वर्षापर्यंत प्रयत्नांचे बंधन नाही. ही सवलत म्हणजे खिरापत, असे म्हणणाऱ्यांना वॉलकॉटची पाचवी लढत दाखवावी. चौथ्या पराभवानंतर दार बंद केले असते, तर जगाला हा जगज्जेता दिसलाच नसता.

पण त्याहून मोठा प्रश्न आपण स्वतःला विचारला पाहिजे. वॉलकॉट जिंकला, म्हणजे गुण अखेर आपोआप वर येतातच, असा निष्कर्ष काढणे ही फसवणूक आहे. कोळसा मिळाला म्हणून तो वर आला. ज्यांना मिळाला नाही असे किती वॉलकॉट त्या कारखान्यांनी गिळले, त्यांची नावे कोणाला ठाऊक नाहीत. १९१३ साली बाबासाहेब त्याच न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया विद्यापीठात पोहोचले ते सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीमुळे. महामानवाच्या प्रज्ञेलाही जहाजाचे तिकीट लागते. कृष्णवर्णीयांच्या लढ्याशी आपले नाते आहे हे बाबासाहेबांनी ओळखले होते. म्हणूनच १९४६ साली त्यांनी ड्यू बॉइस यांना पत्र लिहून, संयुक्त राष्ट्रांकडे तेथील कृष्णवर्णीयांनी केलेल्या निवेदनाच्या प्रती मागविल्या होत्या.

आज आपल्या वस्तीतला मुलगा न्यायाधीश झाला, आपली मुलगी राष्ट्रीय स्पर्धेत पदक घेऊन आली, की आपण फलक लावतो, मिरवणूक काढतो, शाल देतो. ते जरूर करावे. परंतु ती मुलगी अनवाणी पळत होती, त्या मुलाची मेसची तीन महिन्यांची थकबाकी होती, तेव्हा आपण कोठे होतो? सत्कार समितीत शंभर नावे आणि वसतिगृहाच्या निधीत दहा, हे चित्र चळवळीला शोभणारे नाही. शिष्यवृत्ती वेळेवर मिळावी म्हणून सरकारशी भांडलेच पाहिजे. पण सरकारी रक्कम येईपर्यंत मुलाच्या खोलीचे भाडे कोण भरणार?

बाबासाहेबांनी १९५६ मध्ये कमाईचा विसावा हिस्सा देण्यास सांगितले होते. नोकरीत स्थिरावलेल्या प्रत्येकाने हा हिशेब एकदा स्वतःच्या वेतनचिठ्ठीवर मांडून पाहावा. प्रत्येक विहारात अभ्यासिका आणि प्रत्येक तालुक्यात विद्यार्थी व खेळाडूंसाठी एक निधी एवढे जरी उभे राहिले, तरी आमच्या मुलांवर ‘दहास एक’ भाव लावणाऱ्यांना आपला हिशेब बदलावा लागेल. बोकिचिओसारख्या जुगाऱ्याला जे दिसले, ते आपल्याला दिसू नये काय? आपल्या लुईंना रॉक्सबरो भेटले पाहिजेत, आणि ते आपल्यातूनच उभे राहिले पाहिजेत.

जयभीम!