अभिमानाला पुराव्याची जोड

भारतीय संस्कृतीची थोरवी सांगायची वेळ आली की बहुतेक जण दोनच वाटा धरतात. एक तर पुराणातली विमाने आणि अस्त्रे जशीच्या तशी खरी मानायची, नाही तर सगळ्यालाच भाकडकथा म्हणून हात झटकायचे. दोन्ही वाटा सोप्या आहेत, कारण दोन्हीकडे पोथी उघडावी लागत नाही. तिसरी वाट कष्टाची. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातले अभ्यासक 1919 ते 1966 अशी 47 वर्षे त्या वाटेने चालले आणि महाभारताची चिकित्सक आवृत्ती घेऊनच थांबले. विसाव्या शतकात भारतीयांनी जे मोठे सांस्कृतिक काम केले, त्यात या 19 खंडांना मानाचे स्थान मिळायला हवे. वारशाचा अभिमान कसा बाळगावा, हेही आपण त्यांच्याकडूनच शिकू शकतो.

मुळात अडचण काय होती? महाभारत एक म्हणून आपण बोलतो, पण पोथ्यांमध्ये ते एक नाही. काश्मीरची शारदा लिपीतली पोथी आटोपशीर, तर दक्षिणेतल्या तेलुगू आणि ग्रंथ लिपीतल्या पोथ्या कितीतरी फुगलेल्या. बंगाली, मैथिली, नेपाळी, मल्याळी, देवनागरी अशा प्रत्येक परंपरेचे पाठ वेगळे. नक्कल करताना कुणाचा डोळा चुकला, कुणी समासातली टीप श्लोक समजून आत घेतली, कुणी आपल्या भागातली लाडकी कथा भक्तिभावाने जोडली. हा गुंता सोडवायचा तर देशभरातून पोथ्या गोळा करायला हव्या होत्या, आणि त्याला पैसा लागणार होता. औंधचे संस्थानिक बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यासाठी एक लाख रुपये देऊ केले आणि 1 एप्रिल 1919 रोजी कामाला आरंभ झाला. 1925 मध्ये विष्णु सीताराम सुकथनकर प्रमुख संपादक झाले. केंब्रिजला गणित आणि बर्लिनला संस्कृत शिकलेल्या या माणसाने कामाला खरी शिस्त लावली.

ती शिस्त एका साध्या कागदात दिसते. तुलनेसाठी आखलेल्या या तक्त्यावर सर्वात वर प्रचलित पाठाचा श्लोक लिहीत, एका चौकोनात एक अक्षर. खाली प्रत्येक पोथीसाठी एक ओळ, आणि अक्षर जिथे वेगळे असेल तिथेच त्या चौकोनात नोंद. हे काम फक्त पुण्यात चालले नाही. बंगाली पोथ्यांसाठी शांतिनिकेतनात आणि दाक्षिणात्य पोथ्यांसाठी तंजावरला तुलनेची व्यवस्था होती. एकूण 1,259 पोथ्या विचारात घेतल्या गेल्या. निवडीचे एक मुख्य सूत्र असे की, ज्या परंपरांचा एकमेकींशी फारसा संबंध आलेला नाही, त्या एकाच पाठावर जुळत असतील तर तो पाठ जुना मानावा. काश्मीरची पोथी आणि केरळची पोथी एक बोलत असतील, तर मधल्या प्रदेशातली भर नंतरची असण्याचा संभव मोठा. सुकथनकरांचे आदिपर्व 1933 मध्ये पूर्ण झाले. त्यानंतर नेपाळमधून त्या पर्वाची आणखी जुनी पोथी उजेडात आली आणि तिने त्यांच्या अनेक निर्णयांना दुजोरा दिला. पद्धत खरी असल्याची याहून चांगली परीक्षा कोणती?

या कामावर पहिला आक्षेप श्रद्धेच्या बाजूने येतो. व्यासांनी सांगावे आणि गणपतीने लिहून घ्यावे, ही घरोघरी माहीत असलेली कथा या आवृत्तीच्या मुख्य संहितेत नाही. वस्त्रहरणाच्या प्रसंगी द्रौपदी कृष्णाचा धावा करते, ते प्रसिद्ध श्लोकही तिथे नाहीत. मग विद्वानांनी आमचा देव काढून घेतला का? तसे झालेले नाही. संपादकांनी एकही ओळ फेकून दिली नाही. वगळलेला प्रत्येक श्लोक कोणत्या पोथीत आहे आणि कोणत्या पोथीत नाही, हे तळटीपेत किंवा परिशिष्टात नोंदवून तो छापला आहे. गणपतीची कथाही परिशिष्टात आहे. कीर्तनकाराला ती सांगायला कुणाची आडकाठी नाही. ती केव्हा आणि कुठून आली याचा विचार करायची सोय तेवढी झाली.

दुसरा आक्षेप असा की ही पद्धत पाश्चात्त्यांची आहे, ती आपल्या ग्रंथांना का लावायची? तंत्रातला बराच भाग युरोपात घडला, हे खरे. पण पाठ शुद्ध करण्याची तळमळ परकी नव्हती. एकनाथांनी शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून शुद्ध प्रत सिद्ध केली आणि तीत पुढे कुणी ओव्या घुसडू नयेत अशी तंबीही देऊन ठेवली. सतराव्या शतकात कोपरगावच्या नीलकंठ चतुर्धरांनी काशीत बसून महाभारतावर टीका लिहिली, तीही वेगवेगळ्या प्रांतांतल्या पोथ्या जमवून आणि त्यांतले चांगले पाठ निवडूनच. पुण्याच्या संपादकांनी हीच परंपरा अधिक काटेकोर केली. तिसरा आक्षेप अभ्यासकांचा आहे आणि तो अधिक वजनदार आहे: शतकानुशतके तोंडी वाढलेल्या ग्रंथाला एक मूळ संहिता असतेच कशी? पण सुकथनकरांनी व्यासांच्या हातची प्रत सापडल्याचा दावा कधीच केला नव्हता. उपलब्ध पोथ्यांच्या आधाराने जितके मागे जाता येते, तितकेच आपण गेलो आहोत, एवढेच त्यांचे म्हणणे होते. आपल्या निष्कर्षाची मर्यादा स्वतःच सांगणारी विद्वत्ता घोषणेपेक्षा अधिक विश्वासार्ह ठरते.

सुकथनकर 1943 मध्ये गेले. श्रीपाद कृष्ण बेलवलकर आणि परशुराम लक्ष्मण वैद्य यांनी काम पुढे नेले, आणि 22 सप्टेंबर 1966 रोजी राष्ट्रपती सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या हस्ते ते पूर्ण झाल्याचे जाहीर झाले. सभापर्व अमेरिकेच्या फ्रँकलिन एजर्टन यांनी संपादले, उद्योगपर्व बंगालच्या सुशीलकुमार डे यांनी, विराटपर्व रघुवीर यांनी. असे काम पाच वर्षांच्या मुदतीत आणि दरवर्षीच्या अहवालात बसत नाही, आणि नेमके म्हणूनच आज ते सहसा कुणी हाती घेत नाही. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तराचे हजारो रुमाल, म्हणजे कागदपत्रांचे गठ्ठे, आहेत, पण त्यांतली मोडी लिपी सराईतपणे वाचणारे मोजकेच. ऑक्टोबर 2024 मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा सत्कार आणि अभिनंदनाचे फलक भरपूर झाले. त्या दर्जाला जागायचे असेल तर विद्यापीठांनी मोडी आणि पोथीविद्येच्या पूर्णवेळ जागा भराव्यात, आणि सरकारने अशा प्रकल्पांना किमान वीस वर्षांचा निधी बांधून द्यावा. औंधसारख्या लहान संस्थानाला जे परवडले, ते महाराष्ट्राला परवडत नाही असे म्हणता येणार नाही.